कानांची मोजपट्टी : ठाण्याच्या वर्तकनगरातल्या गच्चीवरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात एका चार्जरने झाली. ताई आणि भाची ऐरोलीहून जेवायला आल्या होत्या. जेवता जेवता भाची मधेच उठली आणि ओट्याशेजारच्या सॉकेटमधला जुना चार्जर तिने उपटून ठेवला. "मावशी, हा किती ओरडतो! तुम्हाला कसं चालतं?"

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मला नाही, ताईला नाही, आईला तर नाहीच. मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चार्जर लावला, काढला, कधी नुसताच हात लावून सोडून दिला. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तिने बरोबर सांगितलं.

मला आमचे कळव्याच्या चाळीतले दिवस आठवले. शेजारी टीव्ही लागला की आवाज पूर्ण बारीक केलेला असला तरी मला जिन्यातच कळायचं. एक सुईसारखी शीळ यायची. आई म्हणायची, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पुढे शिकताना कळलं की त्या डबा टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा ओढल्या जात. त्या ओढणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचीच ती शीळ. मनाचे खेळ नव्हतेच. चाळीत इतरांचे कान तिथवर पोचत नव्हते, एवढंच.

भाचीला नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प हवा आहे. प्रदर्शन २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. पुस्तकात एक ओळ आहे : माणूस २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे कंप, ऐकतो, त्याखालचा तो अवश्राव्य ध्वनी, त्यावरचा श्राव्यातीत. आम्ही ठरवलं, ही ओळ आपल्या इमारतीत मोजून बघायची. माणसांपासून सुरू करायचं आणि मग गच्ची, गल्ली, येऊरच्या डोंगराचा पायथा, जिथवर जमेल तिथवर.

१२ जानेवारी, रविवार

आजचे सगळे आकडे रद्द. पण का रद्द केले ते लिहून ठेवते, कारण आजचं शिक्षण त्यातच झालं.

भाचीने घरी वेगवेगळ्या कंप्रतांचे (वारंवारतांचे) सूर तयार केले आणि मोबाईलवर मेसेजमधून मला पाठवले. मी ते बिनवायरच्या इयरफोनवर सगळ्यांना ऐकवले. चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा वॉचमनचा मुलगा आणि मी, तिघांचीही मर्यादा जवळजवळ एकच निघाली. असं होणं शक्य नव्हतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. सगळ्या मुलांचं उत्तर सारखं आलं की आधी उपकरण तपासायचं, ही तिथली सवय इथे कामी आली.

पाठवताना ध्वनीची फाईल दाबून लहान केली जाते. जागा वाचवायला पहिली कात्री लागते ती वरच्या सुरांना, कारण बहुतेकांना त्यांची उणीव जाणवत नाही. बिनवायरच्या इयरफोनमध्ये परत तेच. म्हणजे आम्ही कान मोजतच नव्हतो, ती कात्री कुठे बसते ते मोजत होतो.

दुसरी चूक माझी. सूर एकदम सुरू केला की "टक्" असा आवाज होतो आणि त्या टकमध्ये सगळ्याच कंप्रता थोड्या थोड्या असतात. ऐकणारा टक ऐकतो आणि हात वर करतो. आता प्रत्येक सूर हळूहळू चढवायचा आणि हळूहळू उतरवायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "येतोय का ऐकू?" असं विचारायचंच नाही. असं विचारलं की माणूस हो म्हणतो. बटण पुठ्ठ्याआड, मधेमधे मुद्दाम शांतता, आणि ऐकणाऱ्याने फक्त बोट वर करायचं.

१९ जानेवारी, रविवार

वायरचे हेडफोन, लॅपटॉपवरच तयार केलेले सूर, पंखा बंद, खिडक्या बंद, दुपारी अडीचची वेळ. पोखरण रोडचा आवाज तरीही झिरपतोच, पण तो खालच्या सुरांचा असतो, वरच्या मोजणीला फार आड येत नाही.

वॉचमनच्या मुलाला १९,००० अगदी सहज. भाचीला १८,५००. मी ४४ वर्षांची, माझं बोट १४,२०० च्या पुढे उठलंच नाही. म्हणजे ती चाळीतली शीळ आज माझ्या शेजारी वाजली तरी मला कळणार नाही. हे कागदावर लिहिताना क्षणभर पेन थांबलं. ताई ४७ ची, तिला १३,५००.

तळमजल्यावरचे काका ६८ वर्षांचे. वागळे इस्टेटमध्ये प्रेसवर तीस वर्षं काढली आहेत. त्यांचे आकडे मी दोनदा घेतले, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. २,००० चांगलं ऐकू येतं, ४,००० ला एकदम खड्डा, ६,००० ला पुन्हा थोडं बरं. नंतर वाचलं तर यंत्रांच्या गोंगाटात काम केलेल्यांचा हाच नमुना आहे. बाहेरच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची. एका बाजूने बंद असलेल्या एवढ्या नळीत ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमतो तसाच. या घुमण्यामुळेच ३-४ हजारांच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो आणि याच घुमण्यामुळे गोंगाटाचा घावही त्याच्या थोडं वर, ४,००० च्या आसपास, आधी बसतो. काका म्हणाले, "तेव्हा कापूस घातला की पोरं हसायची."

आई ७३ वर्षांची. ८,००० ला काहीच नाही. ६,००० ला आवाज बराच वाढवला तेव्हा बोट जेमतेम हललं. पुढचे सूर वाढवत नेले नाहीत. इथे सगळ्यांसाठी एक नियम केला आहे : ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जायचं नाही. जाणवला नाही तरी त्याचा मारा कानाच्या आत होतच असतो.

२० जानेवारी, रात्री

संध्याकाळी दुधी चिरायला घेतला आणि आईला म्हटलं, "सुरी दे गं." ती म्हणाली, "पुऱ्या? आज कशाला?"

असं गेलं वर्ष-दोन वर्षं चाललं आहे आणि दर वेळी मी म्हणते, "आई, लक्ष कुठे असतं तुझं!" आज मात्र कालचा कागद समोर होता. सुरी आणि पुरी. "उरी" दोन्हीकडे तेच. फरक फक्त पहिल्या अक्षराचा. स हा नुसता फुसकारा. त्याचा जोर ४,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे आईच्या कागदावर जिथे जवळजवळ काहीच उरलेलं नाही तिथे. स्वर खालच्या पट्टीतले, ते तिला स्वच्छ येतात. म्हणून तिला कळतं की कुणीतरी काहीतरी म्हणालं, किती मोठ्याने म्हणालं, रागात की प्रेमात, तेही कळतं. शब्द तेवढा निसटतो आणि त्या जागी ती अंदाजाने दुसरा ठेवते.

मी तिच्या पाठीमागे उभी राहून हळूहळू शब्द म्हटले : सुरी, पुरी, तुरी. साप, ताप, थाप. दहापैकी चार बरोबर. मग तिच्यासमोर बसून तेच शब्द, त्याच आवाजात. दहापैकी नऊ. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ती कधीपासून ओठ वाचते आहे हे तिलाही माहीत नव्हतं. करोनाच्या दिवसांत सगळ्यांना मास्क होते, तेव्हा दुकानातून आली की म्हणायची, "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." तेव्हापासून तर नसेल?

ही नोंद प्रकल्पाच्या वहीत जाणार नाही. इथे राहू दे.

२६ जानेवारी, रविवार

भाचीचा प्रश्न : वरचेच सूर का जातात, खालचे का नाही?

कर्णावर्ताचं चित्र काढलं. आतल्या कानातली ही गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी, उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. आत एक पडदा लांबभर पसरलेला. नळीच्या तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, शेवटाला रुंद आणि सैल. आवाज आला की पडद्यावर लाट धावते आणि आपल्या कंप्रतेच्या जागी जाऊन सर्वांत उंच उठते. बारीक सूर तोंडाशी, जाड सूर पार टोकाला. ही लाट गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली आणि १९६१ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पडद्यावर आवाज टिपणाऱ्या रोमपेशींच्या रांगा असतात, एका कानात मिळून पंधराएक हजार. माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आणि आधी मरतात त्या तोंडाजवळच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या.

भाचीने पेटीच्या पट्ट्या काढून त्यातल्या उजवीकडच्या एकेक काळ्या करायला घेतल्या. तिच्या चित्रात आजीची पेटी, काकांची पेटी, मावशीची पेटी. हे प्रदर्शनात ठेवायचं.

तिला आणखी एक पटवायला वेळ लागला. २० आणि २०,००० या काही भिंती नाहीत. एखादा सूर ऐकू येतो का, हे तो किती जोरात आहे यावरही अवलंबून. ३,००० ला कुजबूज पुरते, १०० हर्ट्झला त्याच माणसाला कितीतरी मोठा आवाज लागतो. म्हणून प्राण्यांच्या आकड्यांतही ठिकठिकाणी फरक दिसतो. आधी विचारायचं, किती जोरात वाजवून मोजलं?

२ फेब्रुवारी, रविवार

खालचं टोक. ताईच्या सोसायटीतल्या एका मुलाकडून मोठा वूफर आणला. ४० हर्ट्झला घुमणं, ३० ला धडधड, २० ला फक्त जाळीवर ठेवलेले तांदळाचे दाणे नाचताना दिसले आणि छातीत काहीतरी हललं. भाची म्हणाली ऐकू आलं, पण तो वूफरचा स्वतःचा फरफराट होता, म्हणजे २० च्या दुप्पट-तिप्पट, ४० आणि ६० चे सूर. तिला तसं सांगितलं. खालचं टोक घरी धड मोजता येत नाही, हीच आजची नोंद.

२० हर्ट्झची एक लाट १७ मीटर लांब, आमच्या इमारतीचे पाच मजले. २०,००० ची एक लाट १७ मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढी. भाचीने दोन्ही दोऱ्यांनी मापून बघितल्या, जिन्यात पाचव्या मजल्यावरून दोरा सोडून.

हत्तीचं वाचलं. १९८४ मध्ये संशोधक केटी पेन अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभ्या होत्या. कानाला काही नव्हतं, पण हवेत एक थरथर जाणवत होती. नंतर ध्वनिमुद्रण जलद गतीने वाजवून पाहिलं तर हत्ती बोलत होते, आपल्या कानांच्या खालच्या पट्टीत. इतक्या लांब लाटा झाडाझुडपांना जुमानत नाहीत, कित्येक किलोमीटर जातात. आणि वरच्या टोकाला हत्ती आपल्याहून मागे. १९८० मध्ये भारतीय जातीच्या एका हत्तिणीवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. तिची पट्टी १६ हर्ट्झपासून १२,००० पर्यंत भरली. माझ्या १४,२०० ला थोडा दिलासा.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळच्या लोकलने लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. वटवाघळांचे आवाज ऐकवणारा खोका बनवायचा आहे. आणलेलं सामान : ४० किलोहर्ट्झचे अल्ट्रासॉनिक रिसीव्हर दोन, टीएल०७२ आणि सीडी४०४० या दोन चिप, कॅपॅसिटर, रेझिस्टर, व्हेरोबोर्ड, पिझो ट्वीटर (वरच्या सुरांचा स्पीकर), ९ व्होल्टची बॅटरी.

मोबाईलवर वटवाघळं का मुद्रित होत नाहीत, हे भाचीने विचारलं. मोबाईल सहसा सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतो, म्हणून २४,००० हर्ट्झच्या वरचं त्याच्या हाती लागतच नाही. आणि त्याच्या आतला माइक तसाही माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला.

आमची युक्ती साधी. रिसीव्हरमधून आलेला बारीक संकेत टीएल०७२ ने हजारेक पट मोठा करायचा, मग सीडी४०४० ने त्याला १६ ने भागायचं. ४०,००० भागिले १६ म्हणजे २,५००. तो कुणालाही ऐकू येतो.

९ फेब्रुवारी, रविवार

रात्री अकरा. जोडणी झाली, पण खोका स्वतःच किंचाळत होता. आउटपुटची वायर इनपुटच्या शेजारून नेली होती, त्यामुळे मोठा केलेला आवाज परत आत शिरत होता. वायरी तोडल्या, आखूड केल्या, रिसीव्हरला शिल्डेड वायर लावून तिची जाळी अर्थला जोडली. गप्प झाला.

मग भाचीने त्याच्यासमोर नुसती बोटं चोळली आणि खोका खरखरला. किल्ल्यांचा जुडगा हलवला, जोरात खरखरला. प्लॅस्टिकची पिशवी, तीही. आपण रोज किती श्राव्यातीत आवाज करतो! घरातली मांजर पिशवी उघडली की पळत येते, तिला त्या चुरचुरण्यात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येत असणार. मांजराची पट्टी सुमारे ८५,००० पर्यंत मोजली गेली आहे. उंदराची पिल्लं एकमेकांना आणि आईला ज्या पट्टीत हाका मारतात ती तिच्या कानात पुरेपूर बसते.

झोपायच्या आधी खिडकीत खोका धरला. खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. टकटकटकटक. गाडीच्या मागच्या सेन्सरचा आवाज! साधारण ४० किलोहर्ट्झचाच असतो. आमच्या पार्किंगमध्ये रोज रात्री हा ताशा वाजतो आणि गल्लीतला काळू कुत्रा तो रोज ऐकतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मिळाली.

सव्वासहाला गच्चीवर गेलो. समोर येऊरचा डोंगर, डावीकडे उपवन तलावाच्या बाजूचे टॉवर. अंधार पडेपर्यंत भाचीला स्पॅलान्झानींची गोष्ट सांगितली. १७९० च्या दशकात या इटालियन शास्त्रज्ञाला दिसलं की डोळे गेलेली वटवाघळंही बिनचूक उडतात. जिनिव्हाच्या जुरीन यांनी त्यांचे कान बंद केले, तेव्हा ती धडपडली. म्हणजे वटवाघूळ कानाने बघतं. पण कुणी मानेना, कारण कुणाला काही ऐकूच येत नव्हतं. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळांचा पिंजरा घेऊन पिअर्स या प्राध्यापकांच्या श्राव्यातीत ध्वनी पकडणाऱ्या यंत्रासमोर गेला, तेव्हा कुठे उलगडा झाला. भाची म्हणाली, "म्हणजे दीडशे वर्षं ती ओरडत होती आणि आपण म्हणत होतो गप्प आहेत."

सहा अठ्ठावन्नला खोक्यातून एक टप. मग टप, टप, टप. वर पाहिलं तर पाण्याच्या टाकीवरून एक पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, गेली, वाळक्या पानासारखी फडफडत. परत आली. टप टप टप टपटपटप आणि मग एकदम ट्र्र्र्र्, आणि गप्प. ते ट्र्र्र् म्हणजे किड्यावर झडप. शोधत असताना ती सेकंदाला दहाएक हाका देते. किडा जवळ आला की हाका वाढत वाढत सेकंदाला दोनशेपर्यंत जातात, म्हणजे दर हाकेला किडा कुठे सरकला ते ताजं कळतं. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

आणि हे सगळं हळू नाही. तोंडापासून दहा सेंटिमीटरवर ही हाक १०० डेसिबलच्याही वर असते. आपल्या डोक्यावर रोज संध्याकाळी एवढा कल्लोळ चालतो आणि आपण म्हणतो, गच्चीवर किती शांत वाटतं.

सात वाजून दहा मिनिटांनी मोठी वटवाघळं आली, उपवनकडून येऊरकडे, कावळ्याहून मोठी, संथ पंखांची. भाचीने खोका उंच धरला. काही नाही. एकामागून एक नऊ गेली, खोका मुका. ही फळं खाणारी. ती हाकांच्या प्रतिध्वनीवर नाही, डोळ्यांवर आणि वासावर चालतात. एक खालून गेलं तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज मात्र आमच्या उघड्या कानांनी ऐकला, ओली छत्री झटकावी तसा.

१८ फेब्रुवारी

काळू. पिझो ट्वीटरवर २५,००० चा अगदी छोटा, हलका सूर, तोही तो आरामात पडलेला असताना. डावा कान फिरला, मग मान. तीन वेळा, तिन्ही वेळा. मधल्या शांततेला काही नाही. कुत्र्यांची मर्यादा ४५,००० च्या आसपास. लगेच थांबवलं आणि बिस्किट दिलं. दिवाळीत हाच काळू आमच्या मीटररूममध्ये कोपऱ्यात थरथरत असतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सोसायटीची मीटिंग. कबुतरांसाठी एक यंत्र घ्यायचा विषय होता. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं : माणसांना त्रास नाही, फक्त पक्ष्यांना ऐकू येणारा अल्ट्रासॉनिक ध्वनी.

मी वही घेऊन गेले. गोष्ट नेमकी उलटी आहे. पक्षी श्राव्यातीत ध्वनी ऐकत नाहीत. कबुतराची वरची मर्यादा दहा हजारांच्याही खाली, आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जवळपास. त्याची करामत खालच्या टोकाला आहे. प्रयोगशाळेत त्याने १ हर्ट्झच्याही खालचे कंप ओळखले आहेत. हे यंत्र लावलं तर कबुतरं त्याच्यावरच बसतील. त्रास होईल तो काळूला, दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीला, आणि यंत्राचा सूर थोडा खाली असेल तर वॉचमनच्या मुलाला, जो ऐकतो पण ज्याचं कुणी ऐकत नाही. चिडून बोलले, पण बोलले. जाळ्या लावायचं ठरलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुख्य तक्ता. जिन्यात लावून बघितला, साडेतीन मीटर लांब. हत्ती १२,०००, भाची १८,५००, कुत्रा ४५,०००, मांजर ८५,०००, उंदीर त्याच्याही थोडा पुढे, डॉल्फिन दीड लाख. आणि पार शेवटी ज्याच्या अळ्या मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खातात असा एक पतंग, तीन लाख, २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात मोजलेला. त्याचा कानही किती साधा! वटवाघळं त्याला खातात आणि तो त्यांच्याही पुढचं ऐकतो.

पण नुसती रांग लावून समाधान होईना. उंदराला एवढं वरचं कशाला हवं? याचं उत्तर रिकी आणि हेन्री हेफनर या जोडप्याच्या कामात सापडलं. हत्तिणीचं ते मोजमापही त्यांचंच. आवाज कुठून आला हे कळायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, तो कुठल्या कानात आधी पोचला. माणसात हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. उंदराचं डोकं सुपारीएवढं, तिथे फरक उरतोच किती? मग दुसरी गोष्ट : डोक्याची सावली. एका कानाला आवाज सरळ, दुसऱ्याला डोक्याआडून. पण लांब लाट छोट्या डोक्याला वळसा घालून निघून जाते, सावली पडतच नाही.

हे दाखवायला संध्याकाळी उपवनवर गेलो. पाण्यात एक खांब होता. पेडल बोटीची मोठी लाट त्याच्या पलीकडे जशीच्या तशी पोचली. वाऱ्याची बारीक सुरकुती मात्र खांबामागे थांबली, तिथे पाणी गुळगुळीत. भाची ओरडली, "सावली!" ४०,००० हर्ट्झची लाट साडेआठ मिलिमीटर, तिची सावली उंदराच्या डोक्यामागे पडते. डोकं जितकं लहान तितकं वरचं ऐकावं लागतं, नाहीतर घुबड की पान हे कळलं तरी कुठून ते कळणार नाही. आणि जो उंदीर जन्मभर बिळातच राहतो, आफ्रिकेतला तो केस नसलेला, त्याला वरचे सूर येत नाहीत. बिळात दिशा दोनच, पुढे आणि मागे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रदर्शन झालं. खोका बघायला रांग होती, सगळ्यांना किल्ल्या वाजवायच्या होत्या. पेट्यांच्या चित्रासमोर मात्र बायका थांबत होत्या. एकीने भाचीला विचारलं, "बाळा, ही आजीची पेटी आहे ना, हिच्यासारखं आमच्या सासूबाईंचं. काय करायचं गं?" भाचीने सांगितलं, "समोर बसून बोला. ओरडू नका. ओरडल्याने फक्त स्वर मोठे होतात, स मोठा होत नाही."

हे मी तिला शिकवलेलं नाही. तिने आमच्या घरात बघितलं असावं.

८ मार्च, शनिवार

आईला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. महिनाभर टाळत होती, "म्हातारपणी असंच असतं." शेवटी मीच म्हटलं, "मोजायला काय हरकत आहे? काळूचंसुद्धा मोजलं."

काचेच्या खोलीत २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर, आधी हेडफोनवर, मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून. दोन्ही आलेख एकावर एक. याचा अर्थ वाट मोकळी आहे, झीज आतली आहे. १,००० पर्यंत जवळजवळ सरळ, २,००० पासून घसरण. आमच्या घरगुती कागदाची रेघ अशीच होती.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी एक गोष्ट सांगितली आणि मी खुर्चीत पुढे सरकले. काही श्रवणयंत्रं नुसता आवाज वाढवत नाहीत. जे वरचे सूर त्या कानात पोचणारच नाहीत ते खाली ओढून आणतात, जिथे कान अजून जागा आहे तिथे. म्हणजे आमच्या सीडी४०४० चंच काम, फार नाजूक हाताने केलेलं. दोन आठवडे वापरून बघायला एक दिलं आहे. सुरुवातीला भांड्यांचा आवाज टोचतो, हळूहळू सवय होते म्हणाल्या.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी स्वागतयात्रेला आईला तलावपाळीपर्यंतच नेलं. ढोल जवळ आले तशी तिने यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि माझा हात धरून गल्लीत मागे सरली. हेही आता कळतं. रोमपेशी कमी झाल्या की हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच किंवा जास्तच अंगावर येतो. मधली जागा अरुंद होते. "ऐकू येत नाही" आणि "ओरडू नकोस", ही दोन्ही वाक्यं ती एका दमात का म्हणते, हे मला इतकी वर्षं समजलं नव्हतं.

संध्याकाळी तिला गच्चीवर नेलं. तीन मजले, दोन ठिकाणी थांबून. भाचीने खोका तिच्या हातात दिला आणि खुर्ची डोंगराकडे वळवली. सूर्य पावणेसातनंतर गेला. आम्ही दोघी वर बघत होतो, काही दिसेना.

"आली," आई म्हणाली.

टाकीवरून पाकोळी वळली. खोक्यातून येणारा आवाज अडीच हजारांच्या आसपासचा. तो आईच्या पट्टीत बसतो आणि त्याआधीचा खरा आवाज आम्हा तिघींपैकी कुणाच्याच पट्टीत बसत नाही.

"गेली. परत आली. काय गं, खाल्लं वाटतं काहीतरी."

भाची वहीत मोजत होती, मी नुसती बसले होते. साडेसातपर्यंत सत्तावीस फेऱ्या, नऊ झडपा. बॅटरी उतरत आली आहे, उद्या नवीन आणायची.